जमा-खर्चापलीकडची मुक्ती



या सदरातून आजवर आपण व्यवहार, बचत, वारसा आणि कुटुंब यांविषयी बोलत आलो. आज विषय थोडा निराळा आहे. दुसऱ्या एका धर्मातील मूळ श्रद्धेविषयी मी लिहिणार आहे. हे लिहावेसे का वाटले, ते आधी सांगितले पाहिजे. कारण त्याचे मूळ माझ्या घरातील एका असत्यात आहे.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे बिऱ्हाड तेव्हाही कासारवाडीतच, रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर. माझी आई ऐंशी ओलांडलेली. वयाच्या विसाव्या वर्षापासून तिचा चौविहार कधी मोडला नव्हता. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. पर्युषणातील अठ्ठाई तिने कितीदा केली याचा हिशेब तिच्या एका जुन्या वहीत होता. त्या वहीत आयंबिल, एकासणे, सामायिक यांच्या तारखा वडिलांच्या दुकानातील रोजमेळासारख्या ओळीने मांडलेल्या होत्या. आम्ही व्यापारी घरातले. पुण्यही आमच्याकडे वहीत लिहिले जाते, यात मला त्या वेळी काहीच विशेष वाटत नव्हते.

पुढे मधुमेह बळावला. रात्री साखर एकाएकी उतरू लागली. दोनदा ती शुद्ध हरपली. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले, की रात्री साडेआठच्या सुमारास पेलाभर दूध पोटात गेलेच पाहिजे. आई ऐकेना. तेव्हा मी एक युक्ती केली. तिच्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती, दुपारीच तिचा पडदा ओढून घ्यायचा, दिवा लावून ठेवायचा आणि रात्री दूध देताना सांगायचे, "आई, अजून सूर्य मावळायचा आहे." तिची नजर मंदावली होती. अकरा दिवस हे चालले. बाराव्या दिवशी जवळच्या कारखान्याचा रात्रपाळीचा भोंगा ती दूध पीत असतानाच वाजला. वर्षानुवर्षे ऐकलेला तो भोंगा तिने ओळखला. पेला खाली ठेवला. ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून तिने उपवास धरला आणि संध्याकाळी आम्हाला तिला रुग्णालयात न्यावे लागले.

तेथे तिला भेटायला माझे एक सहकारी आले. आम्ही एकाच शाखेत नऊ वर्षे शेजारच्या टेबलांवर काम केलेले. मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आईला ते मावशी म्हणत. आईने त्यांच्यासमोर मला एकच प्रश्न विचारला, "माझा हिशेब आता पुरा होईल का रे?" मी बँकेतला माणूस, आयुष्यभर लोकांचे हिशेब पुरे करून दिले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बाहेर चहा घेताना ते सहकारी म्हणाले, "मावशींना मी काही सांगणे योग्य नाही. तो तुमच्या घरचा, तुमच्या धर्माचा प्रश्न आहे. पण माझी आई गेली तेव्हा तिला हा प्रश्न पडला नव्हता. तिच्या दृष्टीने तिचा हिशेब दुसऱ्या कोणी आधीच चुकता केलेला होता." मला ते मुळीच पटले नाही. कर्ज एकाचे आणि फेडणार दुसरा? जामीनदार कर्ज फेडतो तेव्हाही कर्जदाराची पत शिल्लक राहत नाही, असे काहीसे मी बोलून गेलो. ते हसले. म्हणाले, "तुम्ही नेमका मुद्दा धरला आहे. वाद घालू नका. पंडिता रमाबाई वाचा."

केडगाव माझ्या परिचयाचे होते. पुणे-दौंड मार्गावरील ते स्थानक तपासणीच्या कामासाठी दौंडकडे जाताना मी अनेकदा खिडकीतून पाहिले होते. तेथील मुक्ती मिशन हे नाव वाचले होते. त्या नावातील 'मुक्ती' या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, आणि त्या काळी अपूर्व म्हणावे असे त्यांचे धाडस की त्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले. मुलीला शिकवले ते त्या मातेने. हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रेला निघाले. गावोगावी पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेतून निर्वाह करायचा, आणि जे उरेल ते दानधर्मात घालायचे. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात या वर्षांचे वर्णन केले आहे. पवित्र स्नाने, उपवास, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजने, जप, देवदर्शने यांपैकी त्यांनी काहीही सोडले नाही. शास्त्राने जे जे सांगितले ते ते श्रद्धेने केले. हाताशी असलेला पैसा पुण्य मिळावे म्हणून खर्च झाला. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ साली वडील गेले. पाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली. मागे राहिली ती सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ. त्या दोघांनी पुढेही हजारो मैल पायी प्रवास केला आणि १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

मला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. एवढे नियम पाळणाऱ्या कुटुंबाची ती अवस्था झाली, म्हणून रमाबाईंचा धर्मावरचा विश्वास उडाला, असे समजणे सोपे आहे. पण त्यांच्या मनाला लागलेला सल त्याहून खोल होता. कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांच्या सूचनेवरून त्यांनी वेद व धर्मशास्त्रे वाचायला घेतली. ज्या ज्या ग्रंथांत त्या शोधू लागल्या, तेथे त्यांना हेच आढळले की स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचा अधिकारच नाही; स्त्रीला गती असलीच तर ती पतीच्या सेवेतून. म्हणजे आयुष्यभर जमा करूनही ज्या पेढीत आपल्या नावाचे खातेच उघडले जाणार नाही, अशा पेढीत आपण भरणा करीत होतो, असे त्यांना वाटले. त्यांचा विवाह एका बंगाली वकिलाशी, जातीबाहेर झाला. दोनच वर्षांत, १८८२ मध्ये, पती पटकीने गेले. पदरी लहानगी मनोरमा. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिले. १८८३ मध्ये शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या.

त्या भगिनी लंडनमध्ये, ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत होत्या. रमाबाईंनी ते पाहिले. स्वतःला प्रतिष्ठित समजणाऱ्या समाजाने टाकलेल्या बायकांची इतक्या मायेने सेवा का करावी, असा प्रश्न त्यांनी विचारला. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, परक्या जमातीची, पाच नवरे झालेली ती बाई. आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी धर्माची चर्चा करणारा येशू. या गोष्टीने रमाबाईंचे मन हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथेच कथा संपली असती तर ती एका धर्मांतराची कथा झाली असती, आणि तिच्यावर सदर लिहिण्याचे मला कारण नव्हते. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाई शांत नव्हत्या. चर्चच्या काही सिद्धांतांवर त्यांनी आपल्या गुरुभगिनीशी पत्रांतून प्रदीर्घ वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने खांद्यावरून उतरवल्यावर तसेच दुसरे जोखड आपण घेणार नाही, असे त्यांनी निक्षून कळवले. चर्चला जाणे, प्रार्थना म्हणणे, नियमांनुसार वागणे सारे चालू होते. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. तरी आत काहीतरी रिकामे होते.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र आले. हे गृहस्थ चर्चचे अधिकृत उपदेशक होते, लोकांना धर्म सांगत होते, आणि एके दिवशी स्वतःचेच प्रवचन देता देता त्यांना जाणवले की आपल्याजवळ धर्म आहे पण ज्याच्यावर तो उभा आहे तो ख्रिस्त नाही. रमाबाईंना त्या पुस्तकात स्वतःचे चित्र दिसले. त्यांनी लिहून ठेवले आहे त्याचा भावार्थ असा की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एक नियमावली सोडून आपण दुसरी नियमावली धरली होती एवढेच. मुक्ती ही पुण्याच्या शिलकीवर मिळायची वस्तू नसून ती ईश्वराने विनामूल्य दिलेली देणगी आहे, ती घेण्यासाठी विश्वासाचा रिकामा हात पुढे करावा लागतो, हे त्या वेळी त्यांना उमगले.

हा विचार कोठून आला? तो ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या वर्षांतला आहे. संत पौल हा मूळचा कर्मठ यहुदी, नियमशास्त्रात पारंगत. ख्रिस्ताचा अनुयायी झाल्यावर तो यहुदी नसलेल्या लोकांत जाऊन उपदेश करू लागला. तेव्हा वाद उपस्थित झाला: या नव्या लोकांनी सुंता करावी का? खाण्यापिण्याचे मोशेचे नियम पाळावेत का? अंत्युखियात तर असे घडले की पेत्र हा ज्येष्ठ शिष्य आधी परजातीयांबरोबर एका पंक्तीला बसत असे आणि यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आल्यावर त्याने पंक्ती वेगळी केली. पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले. पंक्तिभेद म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पौलाचे म्हणणे असे, की मनुष्य नियमांच्या पालनाने ईश्वरासमोर निर्दोष ठरू शकत असता, तर ख्रिस्ताच्या मरणाला काही प्रयोजनच उरले नसते. गलतीकरांस आणि रोमकरांस लिहिलेल्या त्याच्या पत्रांत हा विचार विस्ताराने येतो.

त्यातील एक बाब माझ्यातील बँकवाल्याला फार लक्षणीय वाटली. आब्राहामाचा विश्वास त्याला नीतिमत्त्व म्हणून 'गणण्यात' आला, असे पौल सांगतो. तेथे जो मूळ ग्रीक शब्द आहे तो हिशेबाच्या व्यवहारातला आहे. आपण ज्याला 'खाती जमा धरणे' म्हणू तसा. पौल पुढे दाखवतो, की काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती त्याचे येणेच असते. आणि जे देणगी म्हणून मिळते त्याला येणे म्हणता येत नाही. आब्राहामाच्या खाती ही जमा पडली तेव्हा सुंतेचा नियम अद्याप लागू व्हायचा होता, मोशेचे नियमशास्त्र तर कित्येक शतके पुढे होते. म्हणजे जमा आधी, नियम नंतर.

त्यानंतर चौदा-पंधरा शतकांनी जर्मनीत मार्टिन ल्यूथर या संन्यासी पंडिताच्या बाबतीत हेच घडले. उपवास, जागरणे, पापांची वारंवार कबुली, मठाचे सगळे नियम त्याने कसोशीने पाळले; मनाची धास्ती गेली नाही. आपण पुरेसे केले का, हा त्याचा प्रश्न होता. माझ्या आईचाही तोच प्रश्न होता. पौलाचे रोमकरांस पत्र वाचताना त्याला उत्तर सापडले. १५१७ मध्ये पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध त्याने आवाज उठवला आणि ख्रिस्ती जगात मोठी फूट पडली. 'केवळ विश्वासाने' की 'विश्वास आणि सत्कर्मे मिळून', यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात शतकानुशतके वाद चालला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर ईश्वरी कृपेनेच स्वीकारला जातो, आणि ती कृपाच त्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करते, या गाभ्यावर दोन्ही बाजूंची सहमती झाली.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात या ठिकाणी एक शंका येईल, माझ्याही आली. मग काय, विश्वास ठेवला की वाटेल तसे वागावे? 'ख्रिस्ती लोकांचे बरे असते, पाप करा, कबुली द्या, मोकळे व्हा' असे आपण सहज बोलून जातो. ही शंका पौलाच्या काळीही होती, आणि त्याने स्वतःच ती मांडून तिचा ठाम निषेध केला आहे. नव्या करारातील याकोबाचे पत्र तर सांगते, की ज्या विश्वासातून कृती निघत नाही तो विश्वास निर्जीव होय. ख्रिस्ती विचार असा दिसतो: सत्कर्म हे मुक्तीचे मूल्य नाही; ते मुक्ती मिळालेल्या माणसाच्या कृतज्ञतेचे फळ आहे. ज्याचे मोठे कर्ज माफ झाले, तो माणूस दुसऱ्या दिवशी दारात आलेल्याला कसा वागवतो, यावर त्याला माफीचा अर्थ कळला की नाही ते ठरते.

रमाबाईंच्या पुढील आयुष्याकडे पाहिले की याचा पुरावा मिळतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नान्न झालेल्या मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावला माळरान विकत घेऊन तेथे मुक्ती सदन उभारले. पुढच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. त्यांच्यासाठी शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे उभी केली. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर केले, तेही सामान्य बाईला कळेल अशा साध्या मराठीत. आणि आपल्याच छापखान्यात मुलींकडून ते छापवून घेण्याची व्यवस्था केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलत्या मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. पुण्य जमा करण्याची गरज संपली असे मानणाऱ्या बाईने केलेले हे काम आहे. भीतीपोटी करणाऱ्याच्या हातून ते झाले असते का, याचा मी पुष्कळ विचार केला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदारही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्या घरांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या त्यांना वाटलेले दुःख खोटे नव्हते. धर्मांतर हा विषय आपल्या समाजालाही हळवा आहे. एखाद्याची श्रद्धा समजून घेणे आणि ती स्वीकारणे यांत अंतर आहे, एवढे ध्यानात ठेवून मी हे लिहीत आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण तर आपल्या देहू-आळंदीच्या परिसरातील वाचकाला अधिक जवळचे वाटावे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. कासारवाडीहून लोकलने काही स्थानके गेले की देहूरोड लागते. आषाढीच्या वारीत याच मार्गाने तुकोबांची पालखी जाते आणि आमच्या जैन संघाची मंडळीही वारकऱ्यांना पाणी द्यायला उभी असतात. कर्मकांडाने नव्हे, भावाने देव भेटतो, हे ज्या मातीत शतकानुशतके गायिले गेले, तेथे पौलाचे म्हणणे टिळकांना परके वाटले नाही. लक्ष्मीबाईंची वाट निराळी. पतीच्या धर्मांतराने त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, कडक सोवळे पाळत दूर राहत होत्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी सांगितले आहे, की जात माणसाने केली की देवाने, या विचारातून एके दिवशी त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचे ठरवले. त्यांच्या बाबतीत सोवळे आधी गळून पडले, बाप्तिस्मा पुढे काही काळाने झाला.

आता आपल्या घरी येऊ. जैन दर्शन आणि हा ख्रिस्ती विचार यांत मूलभूत अंतर आहे, आणि सौजन्यापोटी ते झाकण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कोणी तारणहार दुसऱ्याचे कर्म स्वतःवर घेत नाही. तीर्थंकर मार्ग दाखवतात. चालायचे ज्याचे त्याने. कर्माचा बंध ज्याचा त्याचा, निर्जराही ज्याची त्याची. माझ्या सहकाऱ्यांना जे सर्वांत मोठे सांत्वन वाटते, ते आपल्या सिद्धांतात बसत नाही.

पण आपला सिद्धांत केवळ नियमांचा आहे, हेही खरे नाही. रत्नत्रयात पहिले स्थान सम्यक् दर्शनाचे आहे. चारित्र्य तिसरे येते. भावशून्य क्रिया फळत नाही, ही आपल्याकडील जुनी शिकवण आहे. माषतुष मुनींची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. रोष करू नकोस, तोष करू नकोस, एवढे दोन शब्दही ज्यांना धड पाठ होत नव्हते, त्यांना त्या चुकीच्या उच्चारातूनच केवलज्ञान झाले. ज्याला सूत्रे पाठ होती तो मागे राहिला आणि ज्याला शब्द विसरत होते तो पुढे गेला, असे सांगणारी ही कथा आपल्याच परंपरेने जपली आहे.

त्या दिवशी रुग्णालयातून मी सरळ स्थानकात गेलो आणि चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींना सारे सांगितले. पडद्याचे आणि दिव्याचेही. त्यांनी आधी मला माझ्या असत्याचे प्रायश्चित्त दिले. मग त्या म्हणाल्या, "आईंना सांगा, पच्चक्खाणात आगार असतात. समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्या पाठातच आहे. नियम समाधीसाठी आहे, समाधी नियमासाठी नाही. तुम्ही हे सांगितले असते, तर असत्य बोलावे लागले नसते." पन्नास वर्षे मी तो पाठ ऐकत आलो होतो. त्यात अपवादाची जागा आहे, हे मला ठाऊक नव्हते. कर्जाच्या करारातील बारीक अक्षरे वाचण्यात माझे आयुष्य गेले होते.

साध्वीजींनी स्वतः येऊन आईला मांगलिक दिले. आईने रात्रीचे दूध घ्यायला मान्यता दिली. ती वही मात्र तिने मागवून घेतली आणि त्यात त्या अकरा रात्री लिहायला सांगितल्या. मी तारखा लिहिल्या. समोर काय लिहू, असे विचारल्यावर ती म्हणाली, "काही लिहू नकोस. मोकळे ठेव."

आणखी चार महिने ती होती. अखेरच्या आठवड्यात तिला नवकारही पुरा आठवेना. पहिली दोन पदे म्हणून ती थांबे. ज्या बाईने आयुष्यात लाखो वेळा तो म्हटला असेल, तिच्या ओठांवर तो येईना. मग आम्ही म्हणायचो, ती हात जोडून ऐकायची. शेवटच्या दुपारी खोलीत मी, माझी पत्नी आणि ते सहकारी असे तिघेच होतो. आम्ही दोघे नवकार म्हणत होतो. ते दाराशी हात जोडून, मान खाली घालून उभे होते. आईने सर्वांकडे पाहून खमतखामणा केला, त्यांच्याकडे पाहूनही केला. हिशेबाचा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

तिच्या त्या शांततेचे कारण काय, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. आपल्या सिद्धांताप्रमाणे तो तिच्या निर्मळ भावाचा परिणाम असे मी म्हणेन. माझे सहकारी त्याला कृपा म्हणतील. आम्ही दोघे निवृत्त झालो. आजही महिन्यातून एकदा नाशिक फाट्याजवळ भेटतो आणि या एका मुद्द्यावर आमचे अजून जमलेले नाही. परंतु एका गोष्टीवर आमचे एकमत आहे. घरातील वृद्ध माणसाला अखेरच्या दिवसांत 'मी पुरेसे केले का' या धास्तीत ठेवणे कोणत्याही धर्माला अभिप्रेत नाही.

आपल्या घरी असे कोणी असेल, तर पडदा ओढू नका. जवळच्या साधू-साध्वींना विचारा, आगार समजून घ्या आणि खरे तेच सांगा. आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याची श्रद्धा आपल्याहून निराळी असेल, तर एकदा सवडीने ती समजून घ्या. अनेकांत आपण व्याख्यानात ऐकतो. चहाच्या टेबलावर तो आचरणात आणणे अधिक अवघड आहे, असा माझा अनुभव आहे.

आईची वही माझ्या कपाटात आहे. त्या अकरा तारखांसमोरची जागा अजून मोकळीच आहे. दरवर्षी संवत्सरीला मी ते पान उघडतो आणि सर्वांच्या आधी तिला मिच्छामि दुक्कडम् म्हणतो.

जय जिनेंद्र.